पहिल्या रांगेतली जागा

कंपनी वाढवायची तर मोठी माणसं धरून ठेवावी लागतात, असं बाबांचं मत. माझं मत उलटं. त्यावरून आम्ही बापलेक एकदा बुद्धगयेत भरल्या बससमोर भांडलो, आणि मला आजही त्याची लाज वाटत नाही.

परळच्या चाळीत दाराबाहेर टेबल टाकून बाबांनी बौद्ध स्थळांच्या सहलींचं बुकिंग घ्यायला सुरुवात केली. आई मसाले, पिठं बांधून सोबत निघायची. सगळ्यांचा स्वयंपाक तीच करायची. बसमधल्या जागा रोज बदलायच्या हा नियम तेव्हाचाच, आणि तो बाबांचाच. आज पहिल्या रांगेत बसलेला उद्या शेवटच्या रांगेत, बाकीचे एकेक रांग पुढे. मग तो कुणीही असो.

लॉकडाऊनमध्ये सगळं ठप्प झालं. बाबांनी टेबलसुद्धा आत घेतलं. नंतर बाबांनी आणि मी धीर करून काढलेल्या पहिल्याच सहलीला एका मंडळाचे अध्यक्ष एकदम बावीस माणसं घेऊन आले. ही सहल फसली तर कंपनी बंद, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी राजगीरला निघताना अध्यक्ष पहिल्या रांगेतून हलेनात. त्या दिवशी ती जागा एका मावशींची होती. परळच्या हॉस्पिटलात आयाबाई म्हणून जन्म काढलेल्या, महाराष्ट्राबाहेर पहिल्यांदाच पडलेल्या. बसच्या दारातच थांबून त्या म्हणाल्या, "असू दे गं बाय, मी बसते मागं."

त्या 'असू दे'नं माझं डोकं फिरलं. मी ड्रायव्हरला इंजिन बंद करायला सांगितलं.

बाबांनी मला बाजूला ओढलं. "मी त्यांना शब्द दिलाय. पुढची सीट फिक्स म्हणून."

"मला न विचारता?"

"बावीस माणसं आहेत, पोरी. येडी झालीस काय?"

"आपल्या लोकांना मागं बसवायचं काम दुसऱ्यांनी पिढ्यानपिढ्या केलं, बाबा. आता आपल्याच बसमध्ये ते आपण करायचं?"

हे मी मुद्दाम मोठ्यानं बोलले. खिडक्या उघड्याच होत्या. अध्यक्ष आतून ओरडले, की आम्ही सगळे इथंच उतरतो. उतरा म्हटलं, सामान काढून देते. बाबांचा चेहरा पांढरा पडला. मी ड्रायव्हरकडे डिकीची चावी मागितली.

तेवढ्यात मावशी वर चढल्या. पांढऱ्या साडीचा पदर खोचून अध्यक्षांपुढे उभ्या राहिल्या.

"उठा, साहेब. उद्या मलाही उठायचंच आहे."

त्यांच्याच मंडळातलं कुणीतरी मागून हसलं. अध्यक्ष उठले.

ते बावीसजण पुन्हा आमच्याकडे आले नाहीत. बाबा वर्षभर मला टोमणे मारत राहिले. मावशींनी मात्र पुढच्या सहलीला हॉस्पिटलातल्या जुन्या मैत्रिणी आणल्या, मैत्रिणींनी आपल्या नणंदा-जावा. आता आम्ही श्रीलंकेलाही जातो, आणि चाळीखालीच आमचा गाळा आहे. काउंटरवर बाबा बसतात. बुकिंगला आलेल्याला सगळ्यात आधी जागेचा नियम सांगतात. "पटत नसेल तर दुसरीकडे बघा," असं वर ठणकावतात, आणि तेवढं बोलताना माझ्याकडे बघायचं टाळतात.