फाट्यावरचे तात्या आणि गुन्हेगाराचा हेतू

"काढला मीच," बाळू म्हणाला. "पन कावून काढला ते सांगणार न्हाई."

एवढं बोलून त्याने प्यायला पाणी मागितलं. समोर ठाणेदार साहेब, शेजारी फिर्यादी तात्या, दारात गफूरभाई हवालदार, आणि मी. सगळ्यांचीच पंचाईत झाली. आरोपी आधी नाही म्हणतो, मग आम्ही खोदून विचारतो, असा आमचा धंदा. पहिल्याच वाक्यात कबूल होणाऱ्याचं काय करायचं हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी गेवराई तालुक्यात पोलीस उपनिरीक्षक आहे. तेव्हा नुकतीच गुन्हेगारांच्या मानसशास्त्राचा कोर्स करून परतले होते. कोर्सहून आलेल्या माणसाकडे ठाण्यात दोन कामं येतात. एक, बंद पडलेला प्रिंटर बघणं. दोन, 'काहीतरी सायंटिफिक' करून दाखवणं. प्रिंटर काही माझ्याच्याने झाला नाही, म्हणून तात्यांची केस माझ्या गळ्यात पडली.

तात्या म्हणजे पंचायत समितीचे माजी सदस्य. तलवाड्याच्या अलीकडे त्यांचं गाव. वाढदिवस तोंडावर आला होता आणि गावाच्या फाट्यावर त्यांचा भला मोठा फ्लेक्स लागला होता. पांढरा शर्ट, काळा गॉगल, जोडलेले हात आणि कडेने शुभेच्छुकांची पोस्टाच्या तिकिटाएवढी तोंडं. सकाळी बघतात तर नुसता लाकडी सांगाडा उभा. गावातले त्यांचे लहान फ्लेक्सही एकेक करून नाहीसे होत होते. विरोधी गटाच्या एकाही फ्लेक्सला मात्र कुणी हात लावला नव्हता.

"हा पोलिटिकल कट हाय मॅडम," तात्यांचं म्हणणं. "कुणाला तरी माझं तोंड बघवंना गेलंय."

साहेबांनी मला फळ्यावर प्रोफाइल लिहायला लावलं. प्रोफाइल म्हणजे गुन्ह्याची तऱ्हा बघून गुन्हेगाराचा स्वभाव ताडणं. मी लिहिलं: तरुण पुरुष. गावातलाच. उंचावर चढायची सवय. तात्यांवर राग. ग्रामपंचायतीला तात्यांच्या पॅनलविरुद्ध उभा राहून पडलेला आणि गावभर विजेच्या खांबांवर चढून बल्ब बदलणारा बाळू यात इतका चपखल बसला, की माझा खडू खाली ठेवून होण्याआधी गफूरभाई त्याला घेऊन हजर झाले. आणि आता हा पठ्ठ्या कबूलही झाला होता.

"झालं की," साहेब खूश होते. "माणूस मिळाला, कबुली मिळाली. घ्या गुन्हा दाखल करून."

माझा हात चालेना. बाळूची होमगार्डमध्ये निवड झाली होती. चारित्र्य पडताळणी आमच्याच ठाण्यातून जायची होती. वर्दीसाठी या माणसाने दोन वर्षं मैदानावर घाम गाळलेला मी बघितला होता. चोरीचा गुन्हा लागला की वर्दी विसरायची.

"बाळू, अरे वर्दी जाईल तुझी. कशासाठी काढला ते तरी सांग."

"जाऊ द्या मॅडम. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"त्येच तर सांगायचं न्हाई ना."

"बोल की बे!" गफूरभाई ओरडले.

"भाई, शपथ हाय गळ्याशप्पत."

मला त्याचा राग आला आणि कीवही आली. साहेबांकडून तासाभराची मुदत मागून घेतली आणि तात्यांना आणि गफूरभाईंना जीपमध्ये घालून फाटा गाठला.

सांगाड्याजवळ गेल्याबरोबर पहिली शंका आली. रागावलेला माणूस फ्लेक्स फाडतो, तोंडाला काळं फासतो, निदान मिशा तरी काढतो. इथे लाकडावर ओरखडा नव्हता. प्रत्येक गाठ सावकाश सोडलेली होती. दोऱ्यासुद्धा गुंडाळून नेल्या होत्या.

"तात्या, हा राग नाही," मी म्हटलं. "कुणाला तरी तुमच्या फ्लेक्सची गरज होती."

"माझ्या फोटोची कुणाला गरज पडली?"

"स्वतःच कबूल झाले," गफूरभाई माझ्या कानाशी पुटपुटले.

गुन्हा घडायला तीन गोष्टी एका ठिकाणी याव्या लागतात, असं आम्हाला शिकवलं होतं. करणारा हवा, आयतं सावज हवं आणि राखण करणारा जवळ नको. करणारा ठाण्यात पाणी पीत बसला होता. राखणदार नव्हताच. राहिलं सावज. समोर विरोधकांचा तेवढाच मोठा फ्लेक्स सोडून तात्यांचाच का? मी जाऊन विरोधकांचा फ्लेक्स चिमटीत धरला. पातळ होता, आरपार उजेड दिसत होता.

"तुमचा कसला होता?"

"जाडजूड! आमी हलकं काम करत न्हाई," तात्यांची छाती फुगली.

तेवढ्यात ढग गडगडले. परतीचा पाऊस दोन दिवस अंगावर येतो येतो करत होता. मी सहज पलीकडच्या रानांकडे बघितलं. सोयाबीन काढून सुड्या घातल्या होत्या. सुडी म्हणजे मळणीआधी रचून ठेवलेला ढीग. ती भिजली की शेंगेतच दाण्याला कोंब फुटतात आणि वर्षाचं पीक हातचं जातं. त्या शिवारात जवळजवळ प्रत्येक सुडीवर पांढरंशुभ्र पांघरूण होतं.

गफूरभाईंनी पहिल्या पांघरुणाचा कोपरा उचलला. आतून तात्या हात जोडून हसत होते.

"धरा ह्याला!" तात्या कडाडले. सुडीचा मालक पळत आला. तो तात्यांचाच बूथप्रमुख निघाला.

"उडून आलतं तात्या," तो म्हणाला. "मी निस्ते दगड ठिवले."

"आपलाच माणूस हाय," तात्या मला म्हणाले. "सोडा."

दुसऱ्या सुडीवरून गॉगल निघाला. मालक तात्यांचे साडू.

"दरसाल वाढदिवस झाला की गाव फ्लेक्स नेतंच की," साडू शांतपणे म्हणाले. "यंदा पाऊस आधी आला, त्याला आमी काय करावं?"

"ह्यांना बी सोडा."

कोर्समध्ये यावर एक अख्खा तास होता. चोर सहसा स्वतःला चोर समजत नाही. हात घालण्याआधी तो मनाची समजूत काढून ठेवतो: हे आपलंच आहे, यात कुणाचं नुकसान नाही, सगळेच करतात. त्या तासाला मी डुलक्या काढल्या होत्या. इथे बांधाबांधावर उजळणी झाली.

फाट्यावरचा मोठा फ्लेक्स शेवटच्या रानात सापडला, सगळ्यात मोठ्या सुडीवर. एक म्हातारी त्याच्या कडेने धोंडे मांडत होती. तात्या अचानक सावकाश चालायला लागले.

"हे रान कुणाचं?" मी विचारलं.

"आमचंच," तात्या म्हणाले. "ती माय हाय माझी."

मायने मान वर केली. "आलास का? त्या कोपऱ्यावर धोंडा ठिव."

"माय, ह्यो माझा फ्लेक्स हाय!"

"मग सुडी कुणाची हाय? ताडपत्री आन, ताडपत्री आन, म्हणून तोंड दुखलं माझं. तू म्हन्ला, वाढदिवस झाल्यावर बघू. पाऊस तुझ्या वाढदिवसापायी थांबतोय व्हय?"

"पन त्या बाळूला कावून चढवलं? आपली पोरं मेली होती का?"

"आपल्या पोरांनी लगीच तुला सांगितलं असतं. बाळू तुझ्याशी बोलतच न्हाई. म्हणून त्याला शपथ घातली." मग तिने इकडेतिकडे बघितलं. "हाय कुठं त्यो? जेवायला बोलवलंय त्याला."

"ठाण्यात आहे आजी," मी म्हटलं. "चोरीचा गुन्हा लागतोय त्याच्यावर. त्याने तुमचं नाव सांगितलं नाही."

तिच्या हातातला धोंडा खाली पडला. डोळ्यांत टचकन पाणी आलं. दुसऱ्या क्षणाला तिने पदर खोचला आणि जीपकडे निघाली. "मला न्या. चोर मी हाय. लेकराला सोडा."

तात्या मागे धावले. "अगं माय, लोक काय म्हणतील!"

मी कायदा सांगितला. चोरीला लबाडीचा इरादा लागतो. घरच्या बाईने घरची वस्तू घरच्या सुडीवर घालायला शेजाऱ्याला वर चढवलं, तर तो इरादा मला कुठे सापडेना. "तात्या, तक्रार द्यायची आहे का?"

"कसली तक्रार?" तात्या म्हणाले. पण त्यांच्या मनातली सल जाईना. हिरमुसून त्यांनी विचारलं, "माय, लोकांनी माझ्या भ्यानं उलटा घातला. तू कावून उलटा घातला? तुला बी बघवंना का माझं तोंड?"

"येड्या," म्हातारी म्हणाली, "रातभर पाऊस पडायचाय. तुझ्या तोंडावर पडू देऊ का?"

तात्यांनी डोळ्यांवरचा गॉगल काढला. मग खाली वाकून त्यांनी धोंडा उचलला आणि सांगितलेल्या कोपऱ्यावर नेऊन ठेवला.

बाळूला ते स्वतः ठाण्यातून घेऊन गेले. त्या दिवशी दोघे एका पंगतीला जेवले, बोलले मात्र नाहीत. पडताळणीच्या कागदावर मी 'वर्तणूक चांगली' लिहिलं. बाळू आता वर्दीत असतो आणि मला उगाचच कडक सलाम ठोकतो. तात्यांनी पुढच्या वर्षी आणखी जाड फ्लेक्स छापला. बांधायला सोयीचं पडावं म्हणून चारी कडांना जादा रिंगा होत्या.

साहेब अजून म्हणतात, तुमचं प्रोफाइल तंतोतंत बरोबर निघालं. निघालंच. हेतूच्या पुढे मी राग लिहिला होता, तिथे फक्त सोयाबीन लिहायला हवं होतं.