पिवळा रंग
परवा इस्पितळात पडल्या पडल्या हाताला लावलेली ग्लुकोजची बाटली बघत होतो, तेव्हा सोलापुरातली आमच्या कॉलेजची प्रयोगशाळा आठवली. सत्तरच्या दशकातला दुष्काळी उन्हाळा होता, नळ कोरडे पडल्यानं डिस्टिल्ड वॉटरचं यंत्र बंद होतं. शिल्लक पाणी आम्हाला कसंबसं पुरलं. शेजारच्या टेबलावरच्या विणकराच्या मुलीनं मात्र कंपाउंडर भावाकडून सलाइनची बाटली आणली होती, पाण्याऐवजी तिनं तेच वापरलं. प्रात्यक्षिक परीक्षा होती. दुधातल्या साखरेवर जिवाणू वाढवायचे आणि रसायनाचा थेंब टाकायचा. साखर फोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, तयार झालं असेल तर नळी पिवळी होते. आमच्या झाल्या, तिची फिकटच राहिली. बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "जिवाणू मेलेत तुझे." तिनं बाटलीवरचं लेबल वाचलं आणि म्हणाली, "मेले न्हाईत, सर. ह्यात ग्लुकोज हाय की. आयतं ग्लुकोज मिळतंय तोवर चालना देणारं प्रथिन जनुकावर बसतच न्हाई, मग विकर कुठनं येणार?" आमच्या बाटलीच्या तळाशी उरलेल्या थोड्या पाण्यात तिनं तेच जिवाणू धुतले आणि ग्लुकोजशिवाय पुन्हा वाढवले. तासाभरानं नळी हळदीसारखी पिवळी झाली. परीक्षकांनी सही केली. ती वर्गात पहिली आली. पुढच्या वर्षी ती मला विडी कारखान्याच्या दारात दिसली, वळलेल्या विड्यांचं सूप घेऊन रांगेत उभी. परवा नर्स बाटली बदलायला आली तेव्हा मी आधी लेबल वाचलं. डोळ्यांसमोर मात्र तंबाखूनं पिवळी झालेली तिची बोटं होती.