शंभर घरं आणि एक तपकिरी दाणा

शंभरघरे हे त्यांचं आडनाव नाही. खरं आडनाव त्यांच्या बायकोला आणि हजेरीपटाला ठाऊक. बाकी सगळी वस्ती त्यांना शंभरघरे म्हणते, आणि परवा तर टपालवाल्यानेही पाकिटावरचं नाव वाचून "असं कुणी इथे राहत नाही" म्हणून पत्र परत नेलं.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत हा माणूस एकतीस वर्षं एका डोळ्याने जगतोय. तापाचा पेशंट आला की त्याच्या बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा, काच जांभळ्या रंगात बुडवायची, वाळवायची, वर तेलाचा थेंब सोडायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावून मलेरियाचे जंतू शोधायचे. भिंगातून एका वेळी जेवढा गोल तुकडा दिसतो त्याला ते 'घर' म्हणतात. शंभर घरं पाहिल्याशिवाय 'जंतू नाहीत' असं म्हणायचं नाही, हा नियम. नियम सगळ्यांनाच असतो. शंभरघरे तो पाळतात, एवढाच फरक. लोक डोळ्यांत तेल घालून काम करतात, हे काचेवर घालून करतात. अंगठा कायमचा जांभळा. लग्नाच्या फोटोतही तो जांभळाच आहे, आणि सासरच्यांना तो काहीतरी रोग वाटला होता.

पेशंटला काच वाळेपर्यंत बसवून ठेवायचं, तर त्याला गोष्ट सांगायची, ही त्यांची पद्धत. गोष्ट एकच, गेली एकतीस वर्षं.

"जंतू हा चोर बघा. आधी यकृतात दबा धरून बसतो. मग तांबड्या पेशीत शिरतो, आतून कडी लावतो आणि आतला माल खातो. आपल्या रक्तात शिपाई असतात, त्या पांढऱ्या पेशी. आता शिपायांना चोराचं वर्णन तर पाहिजे? ते मिळेपर्यंत आठवडा जातो. आणि वर्णन मिळालं की हा पठ्ठ्या अंगरखा बदलतो! शिपाई लाल अंगरखेवाल्याला शोधतायत, हा निळा घालून त्यांच्या शेजारून जातोय. वर नमस्कार करून!"

"मग आपण जिंकायचं कसं?" पेशंट कण्हत विचारतो.

"जिंकतो कुठले! ओळख वाढते. दहा वेळा ताप आला की शिपायांकडे दहा अंगरख्यांची यादी होते. मग ताप येतो, पण आडवं पाडत नाही. मात्र ही यादी पेन्सिलीने लिहिलेली असते बरं का. चार-दोन वर्षं बाहेरगावी राहिलात की पुसली जाते."

गोष्टीचा शेवटचा भाग ते फक्त सिस्टरला सांगत. सिस्टर म्हणजे दवाखान्यातली परिचारिका. बारा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला काच वाचायला त्यांनीच शिकवलं. "चोराला सगळं पचतं, तांबड्या पेशीतला रंग तेवढा पचत नाही. त्याचा तपकिरी दाणा उरतो. आणि शिपायाने चोर गिळला की तो दाणा शिपायाच्या पोटात दिसतो. काचेवर चोर एकही नसला आणि जेवलेला शिपाई दिसला, तर समजायचं की चोर याच घरात आहे. कुठल्यातरी गल्लीत भिंतीला चिकटून उभा आहे."

त्या खोलीच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात एक पाटी आहे : 'घरच्या माणसाची काच घरच्याने वाचू नये.' तिचा इतिहास असा की, एकदा बायकोला ताप आला आणि शंभरघऱ्यांनी तिची काच सहा वेळा वाचली. घाबरलेल्या डोळ्याला प्रत्येक वेळी जंतू दिसले. बाईंनी कडू गोळ्यांचा पूर्ण कोर्स घेतला, कान आठ दिवस गुणगुणत राहिले, आणि निघालं साधं पडसं. "तुमच्या भिंगात माझ्याविषयी काय काय दिसतं ते कळलं," असं त्या आजही पाहुण्यांसमोर म्हणतात. दुसऱ्याच दिवशी पाटी लागली.

तर अशा या माणसाच्या घरी नऊ वर्षांनी लेक राहायला आली.

लेकीचं घरातलं नाव बारकी. दारातून आत आली तेव्हा सहावा महिना होता आणि हे नाव तिला कुठूनही शोभत नव्हतं. नवरा चार महिन्यांसाठी बोटीवर गेलेला, तिकडच्या थंड शहरात एकटी राहण्यापेक्षा इकडे बरं, म्हणून आली. पहिलंच बाळ. बाईंनी पलंगाला मच्छरदाणी बांधली. बारकीने दुसऱ्याच रात्री ती पायाने उडवून लावली.

"आई, आत गुदमरतं गं मला! दोन जिवांची हवा लागते!"

"अहो, तुम्ही तरी सांगा हिला. जगाला सांगता."

आणि इथे शंभरघरे, जे ट्रकवाल्यांना जाळीशिवाय झोपल्याबद्दल शिव्या घालतात, ते कौतुकाने हसले. "असू दे गं. लहानपणी अकरा वेळा ताप काढलाय पोरीने. हिच्या शिपायांची इथल्या चोरांशी घरोब्याची ओळख आहे. इथलं रक्त आहे ते!"

पेन्सिलीने लिहिलेली यादी तेव्हा त्यांना आठवली नाही. बापाला लेकीच्या बाबतीत सगळी शाई पक्की वाटते.

महिना झाला. ताप असा आलाच नाही. दुपारी थोडी शिरशिरी, कंबर धरलेली, जिना चढताना धाप. बारकी म्हणाली, या दिवसांत होतंच. पण बाईंनी एका सकाळी तिला खिडकीशी नेलं, डोळ्याची खालची पापणी ओढली आणि नवऱ्याकडे पाहिलं. पापणीच्या आत कागदाचा रंग होता.

शंभरघऱ्यांनाही तो दिसला. पण वरकरणी म्हणाले, "चल, बोट दाखवून येऊ."

दवाखान्यात त्यांनीच टोचलं. रंगात बुडवताना नेहमीची गोष्ट सांगितली नाही. तेव्हाच सिस्टरला कळायला हवं होतं, आणि कळलंही.

"काका, पाटीवर काय लिहिलंय? मी वाचते ना."

"तुमच्या बाहेर रांग लागलीय, सिस्टर. मी नुसतं बघतो."

"मग पट्टीवर तरी थेंब टाकू. पंधरा मिनिटांत उत्तर."

पट्टी म्हणजे ती नवी, बोटाएवढी चाचणी. थेंब टाकला की रेघा उमटतात. एक रेघ म्हणजे मलेरिया नाही, दोन म्हणजे आहे. शंभरघऱ्यांचा तिच्यावर जुना राग. "तुमच्या पट्टीला दोनच शब्द येतात, हो आणि नाही. माझी काच सगळी हकिकत सांगते."

त्यांनी डोळा लावला. एक, दोन, तीन. विसावं घर स्वच्छ. पन्नासावं स्वच्छ. त्रेसष्टाव्या घरात एक पांढरी पेशी होती आणि तिच्या पोटात तपकिरी कण होता. शंभरघऱ्यांचा हात थांबला. एक श्वास, दोन श्वास. मग ते स्वतःशीच म्हणाले, रंगाचा कचरा आहे. कालच रंग गाळायचा राहिला होता. आणि पुढच्या घरात गेले. शंभर झाली. जिवाला चैन पडेना म्हणून आणखी शंभर पाहिली. चोर एकही नाही.

"स्वच्छ!" ते इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेरच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने "माझी का?" म्हणून विचारलं.

घरी जाताना बारकीने त्यांना चिडवलं, "बाबा, दोनशे घरं? माझं लग्न जमवताना तुम्ही तीनच पाहिली होती."

ते हसले. पण त्या दिवसापासून तो दाणा त्यांच्या मागे लागला. दाढी करताना आरशावर दिसला. चहाच्या कपात तळाशी दिसला. वर्तमानपत्रात एका अक्षराच्या पोटात दिसला. जेवताना त्यांनी तीनदा विचारलं, "बरी आहेस ना?" तिसऱ्यांदा बारकी म्हणाली, "बाबा, आता तुम्ही विचारलंत तर मला ताप येईल."

"अहो, काच स्वच्छ होती ना?" बाईंनी विचारलं.

"होती."

"मग असे का बसलात, रिझल्ट लागायच्या दिवशी बसल्यासारखे?"

रंग गाळायचा राहिला होता खरा. पण रंगाचा कचरा काचभर पसरतो. तो नेमका शिपायाच्याच पोटात जाऊन कसा बसेल, हे त्यांनी गेल्या बारा वर्षांत सिस्टरला कमीत कमी वीस वेळा विचारलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी बारकी बाहेरच्या खोलीत आली. आज ती चिडवत नव्हती.

"आई, मी उठल्यापासून हा हलला नाहीये. रोज सकाळी लाथा मारतो."

"झोपला असेल. थोडं गोड खा, डाव्या कुशीवर पड," बाई म्हणाल्या. आवाज शांत होता. गोड आणायला मात्र त्या हातातल्या पेल्यासकट आत गेल्या.

शंभरघरे चपला घालून केव्हा बाहेर पडले ते कुणाला कळलंच नाही. दवाखाना उघडायला पाऊण तास होता. किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांनी पेटीतून काच काढली, तेल सोडलं आणि बसले. एकदा पाहिलेलं घर काचेवर पुन्हा सापडणं म्हणजे जत्रेत हरवलेली चप्पल सापडण्यातलं काम. त्रेसष्टावं घर सापडलं नाहीच. पण आज ते चोर शोधतच नव्हते. फक्त शिपाई बघत होते. पहिला रिकामा. दुसरा रिकामा. अकराव्याच्या पोटात दाणा. सतराव्याच्या पोटात दोन.

सिस्टर आली तेव्हा ते खुर्चीतून उठून उभे होते.

"सिस्टर, ही काच वाचा. कुणाची ते विचारू नका."

ती बसली. खोलीत घड्याळ नव्हतं, तरी शंभरघऱ्यांना टिकटिक ऐकू येत होती. सिस्टरने डोळा न काढताच म्हटलं, "चोर नाही दिसत... थांबा. हा शिपाई जेवून बसलाय, काका." मग थोड्या वेळाने, "हाही जेवलाय." मग तिने मान वर केली, त्यांचा चेहरा पाहिला आणि काच कुणाची ते विचारायची गरजच उरली नाही.

"मी कचरा म्हटलं," शंभरघरे म्हणाले. "दुसऱ्या कुणाची असती तर म्हटलं नसतं."

"काका, आधी ताईंना आणा. रडायचं नंतर बघू."

आणलं. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई आल्या. पट्टीवर थेंब पडला आणि पंधरा मिनिटं सुरू झाली. एकतीस वर्षं लोकांना बसवून ठेवणारा माणूस त्या दिवशी पहिल्यांदा बाकावर बसला. पहिली रेघ लगेच आली, ती येतेच. दुसरीच्या जागी पांढरं होतं. पाच मिनिटांनी पांढरंच. आठव्या मिनिटाला धुकं आल्यासारखं गुलाबी काहीतरी आलं, आणि ज्या पट्टीला ते दोन शब्दांची म्हणत होते, तिने त्यांना एक शब्द ऐकवला.

"हो."

"पण मला ताप कुठे आहे?" बारकीने विचारलं. "आणि बाबांनी दोनशे घरं पाहिली."

डॉक्टरीणबाईंनी वडिलांकडे पाहिलं. सांगायचं काम बापाचं होतं. शंभरघरे गोष्ट सांगायला लागले, पण आज तिच्यात विनोद नव्हता.

"तू गेलीस, तुझ्या शिपायांची यादी बरीचशी पुसली गेली. थोडी राहिली असेल, म्हणून ताप भडकला नाही. पण पोटात बाळ आलं की त्याला आईच्या रक्तातून अन्न पोचवणारी वार तयार होते. ती जागा शिपायांना नवी. तिथे चिकटून बसायला चोर वेगळाच अंगरखा घालतो, तो पहिलटकरणीच्या शिपायांनी जन्मात पाहिलेला नसतो. बोटाच्या रक्तात तो फिरकतच नाही, तिथेच दडून राहतो. म्हणून काच स्वच्छ. म्हणजे..." ते थांबले. "काच स्वच्छ नव्हती, बाळ. काचेने सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

बारकीने दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

"गोळ्या आत्ता सुरू करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त वाढवायला लागेल. आधी ठोके बघू."

त्यांनी पोटावर छोटं यंत्र टेकवलं. खरखर. जागा बदलली. पुन्हा खरखर. बाईंनी नवऱ्याचा जांभळा अंगठा पकडला आणि असा आवळला की तो जरा वेळ पांढरा झाला. यंत्र डावीकडे सरकलं, खाली सरकलं, आणि खरखरीतून एकदम टपटप, टपटप, कुणीतरी बस पकडायला धावत सुटल्यासारखा आवाज आला.

"आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण अंगाने बारीक वाटतंय. वारेतून नीट पोचलं नसणार. आजच मोठ्या दवाखान्यात जाऊन सोनोग्राफी करून घ्या. पुढे दर पंधरवड्याला मोजू. रोज लाथा मोजायच्या. दोन तासांत दहा झाल्या पाहिजेत. न झाल्यास थांबायचं नाही, सरळ यायचं."

मोठ्या दवाखान्यातही तेच सांगितलं. बाळ आहे, बारीक आहे, लक्ष ठेवा. लक्ष ठेवा हे दोन शब्द किती लांबलचक असू शकतात, ते त्या घराला पुढच्या दिवसांत कळलं.

शंभरघऱ्यांनी पाटीखाली एक ओळ वाढवली : 'ही सूचना लिहिणाऱ्यालाही लागू.' सिस्टरच्या पट्ट्यांचा डबा स्वतःच्या टेबलावर, मायक्रोस्कोपच्या शेजारी ठेवला. मच्छरदाणी त्यांनी स्वतः बांधली, अशी की बारकीला बाहेर यायला वकील लागावा. तिने एकदाही पाय मारला नाही.

रोज दुपारी ती डाव्या कुशीवर पडते आणि ते शेजारी स्टूल घेऊन बसतात. बाई दाराशी उभ्या राहतात, काम असल्यासारख्या. कालची दुपार वाईट गेली. तासाभरात तीन. मग अर्धा तास काहीच नाही. शंभरघऱ्यांची नजर खिडकीबाहेर उभ्या रिक्षाकडे गेली आणि परत आली.

"बाबा, श्वास घ्या," बारकी डोळे मिटूनच म्हणाली. "चार."

मग पाच, सहा लागोपाठ. सात बराच उशिरा. आठ, नऊ. घरात कुणी हललं नाही.

"दहा," ती म्हणाली आणि डोळे उघडले. "झाल्या. उठा आता, चहा घ्या."

शंभरघरे उठले नाहीत. स्टूल आणखी जवळ ओढून बसले.

"पडून राहा जरा," ते म्हणाले. "अकरा."