पिंजारीचाचांची ताडपत्री

ऑक्टोबरच्या उन्हात ही जुनी उशी तापली, की तिच्या कापसाच्या वासानं निमगाव सावातलं आमचं अंगण आठवतं. बाजरीची कणसं वाळत पडलेली आणि शेजारी जुन्नरहून आलेले पिंजारीचाचा ताडपत्रीवर स्वतःचा कापूस पिंजत बसलेले. दुपारपर्यंत अंगाची लाहीलाही, मग एकाएकी आभाळ काळवंडलं आणि टपोरे थेंब आले. चाचांनी कापसाखालची ताडपत्री ओढून आमच्या कणसांवर टाकली. वडील म्हणाले, “चाचा, तुमचा कापूस भिजतोय.” “त्यो वाळंल, भाऊ. बाजरीला कोंब फुटलं तर वरीसभर काय खाल?” आईनं नंतर हट्टानं त्याच कापसाची ही उशी भरून घेतली. आता तिच्यात गाठी झाल्यात. आज मोबाइलवर वादळी पावसाचा इशारा आलाय. दोरीवरचे कपडे राहू देत, आधी मी उशी आत घेतो.