आखाजीच्या दिवशीचं खारं पाणी

अभिमन आबांच्या घरी समुद्र होता. मेहरूणात तळं आहे हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. समुद्र मात्र अख्ख्या जळगावात एकट्या आबांच्या पुढच्या खोलीत. जुन्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायांवर काचेची पेटी, पेटीत तीनेक हंडे खारं पाणी, तळाशी पांढरी वाळू, आणि त्या समुद्राचा एकुलता एक रहिवासी: बोटाएवढा नारिंगी मासा. अंगावर पांढरे पट्टे, आणि चेहरा कायम कोणी तरी आत्ताच अपमान केल्यासारखा.

शेजारचा कौतिक रोज सकाळी तोंडात मशेरी धरून कुंपणावरून विचारायचा, "आबा, आज भरती शे का ओहोटी?" मशेरीमुळे त्याची भरती 'भलती' व्हायची आणि ओहोटी तर बोळक्या म्हातारीसारखी बाहेर यायची. आबा हसायचे नाहीत. गंभीरपणे पेटीकडे बघायचे आणि सांगायचे, "पानी उतरनं रे भो. बोटभर उतरनं."

उतरणारच. बाहेर वैशाख, डांबर चपलेला चिकटतंय, कुत्री गटारीत पोट टेकून पडलेली, आणि आबा घरातल्या एकुलत्या एक कूलरचं तोंड माणसांकडून माशाकडे वळवून बसलेले.

"आठे मानसं भाजाई ऱ्हायनात, आन् तुम्ही मासाले वारा घाला!" वच्छलाबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या. त्यांचा आवाज गिरणीच्या पट्ट्यासारखा, एकदा सुरू झाला की दळण संपेपर्यंत थांबायचा नाही. "शेजारनी काय म्हनस माहीत शे? म्हनस, वच्छलाबाई, तुमना घर सवत शे का मासा?"

आबा मुळात पाइपाच्या कारखान्यातले फिटर. आयुष्यभर पाइप जोडले, त्यातून दुसऱ्यांच्या शेतात पाणी गेलं. चाळिशी उलटल्यावर कारखान्याने त्यांना कोकणात एका पाणीयोजनेच्या कामावर पाठवलं, आणि तिथे ह्या माणसाने पहिल्यांदा समुद्र पाहिला. बाकीची टोळी पाहून, पाय भिजवून, भजी खाऊन परत आली. आबा बसूनच राहिले. काम संपल्यावर तिथल्या साहेबांनी विचारलं, "पाटील, र्‍हाताव काय इथंच? कायमचं करून टाकू." आबांनी घरी विचारलं. वच्छलाबाईंनी एका वाक्यात निकाल लावला: "तठे बठ्ठा गावले मासाना वास येस. मी येवाव नई."

सगळ्या गावाच्या त्या वासापायी आबा परत आले. पुन्हा कधी तो विषय काढला नाही. फक्त काही वर्षांनी, लेक बेबा धुळ्याला नांदायला गेली आणि घर रिकामं झालं, तेव्हा फ्रेमवाल्याकडून काच कापून आणली.

मासे रत्नागिरीहून आले, पाणीही तिकडूनच. रावेरची केळी घेऊन खाली कोकणात जाणारा मोतीलाल ड्रायव्हर परतताना कॅन भरून आणायचा आणि दारात उतरवताना न चुकता म्हणायचा, "घ्या आबा, तुमचं गंगाजल!" पहिल्या उन्हाळ्यात सगळे मासे गेले. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा सगळे. आबा शिकत गेले. पाणी तापलं की माशाला श्वास पुरत नाही. कूलरच्या वाऱ्याने पाणी उडून थंडावतं, पण उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून उकळून निववलेलं गोडं पाणी घालायचं, तेही पळीपळीने, एकदम नाही. दर वेळी बोट बुडवून जिभेला लावायचं. आबांची जीभ खारटपणाच्या बाबतीत सोनाराच्या काट्यासारखी झाली होती, आणि त्यामुळे वच्छलाबाईंच्या आमटीची पंचाईत झाली होती.

पण आता तिसरा उन्हाळा. मोतीलालची गाडी दिल्लीच्या रस्त्याला लागली होती. दिल्लीला समुद्र नाही. घरात शेवटचा एक कॅन उरला होता आणि पेटीत शेवटचा एक मासा. हा गेला की समुद्र गेला, हे आबांना स्पष्ट कळत होतं. दुपारी सगळे झोपले की ते काचेला नाक लावून हळूच म्हणायचे, "इतला उन्हाया काढी ले रे भो. इतलाच."

मासा अपमानित चेहऱ्याने एक फेरी मारायचा. होकार की नकार, कळायला मार्ग नव्हता.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी वच्छलाबाईंनी कुंभाराकडून दोन कोऱ्या घागरी आणल्या. एक पितरांसाठी, ती देवाजवळ गेली. दुसरी लेक-जावयाला गार पाणी प्यायला. कोऱ्या घागरीइतकं गार पाणी कशातच होत नाही, हे खानदेशात कुणाला सांगावं लागत नाही. आबांनी ती घागर पाहिली आणि त्यांच्या मनात जे यायचं ते आलं.

सणाच्या पहाटे उठून त्यांनी शेवटचा कॅन त्या घागरीत ओतला. वर ताटली, भोवती ओलं फडकं, जागा ओसरीवरच्या झुळकेची. बेत साधा होता: दुपारी पेटीतलं तांब्याभर गरम पाणी काढायचं, घागरीतलं तांब्याभर गार समुद्र घालायचा. वच्छलाबाईंना सांगितलं असतं तर दळण सुरू झालं असतं. म्हणून सांगितलं नाही.

उजाडल्यावर आबा सायकल काढून बर्फाच्या कारखान्यावर गेले. पिशवीत बांधलेला बर्फाचा खडा पेटीत सोडला की अर्धी दुपार निभते, हा त्यांचा दुसरा बेत. पण सणाचा दिवस. रसवंतीवाले, कुल्फीवाले, लग्नाचे वऱ्हाडी, सगळे आबांच्या आधी पोचलेले. खिडकीतला माणूस नाकातून म्हणाला, "बर्फ खलास. आता सांजच्याले या." आबा म्हणाले, "अरे, जीव जाईल." तो म्हणाला, "पेशंट शे का? कोन शे?" आबांना मासा म्हणवेना. ते रांगेतून बाहेर पडले. मग दुसऱ्या टोकाचा कारखाना. तिथेही तेच.

इकडे धुळ्याच्या एसटीने बेबा आणि जावई लीलाधरराव येऊन पोचले. लीलाधरराव म्हणजे उंच, आडवे, आणि तहानेच्या बाबतीत थेट. चपला काढल्या, ओसरीवर ओल्या फडक्यातली घागर दिसली, ताटली सरकवली, पेला बुडवला आणि एका घोटात रिकामा केला.

पुढचं दृश्य कौतिकने कुंपणावरून पाहिलं आणि नंतर महिनाभर गल्लीत करून दाखवलं: डोळे बाहेर, गाल फुगलेले, मग अंगणभर फवारा आणि सासूच्या नावाने ओरड. "आत्याबाई! हाई पानी खारं शे वं! जावईले मारता का काय!"

बेबा हसून हसून खाली बसली. वच्छलाबाई हसल्या नाहीत. आखाजीचा दिवस, पितर जेवायला येणार, आणि जावयाच्या तोंडात मीठ. त्यांचा चेहरा तापलेल्या खापरासारखा झाला. घागर उचलली आणि सगळी निंबाच्या बुंध्याशी पालथी केली. आत-बाहेर धुतली. नळाला नुकतंच पाणी आलेलं, उन्हाळ्यातलं, औषधाच्या वासाचं. त्यातून काठोकाठ भरली. ताटली, फडकं, जागा, सगळं पुन्हा तसंच. मग चुलीवरच्या खापरावर पुरणाचा मांडा टाकला आणि ठरवलं की आज ह्या माणसाशी बोलायचंच नाही.

एरवी बोलल्याशिवाय त्यांना श्वास लागायचा. आज नेमकं ठरवलं आणि पाळलं.

आबा रिकाम्या हाताने, शर्ट पाठीला चिकटलेला, दारात आले तेव्हा वीज गेली होती. कूलर मुका. हवेचे बुडबुडे सोडणारा पंप मुका. पेटीतली तापमापी त्यांनी कधी पाहिली नव्हती इतकी चढलेली, आणि मासा वर येऊन तोंड उघडमीट करत होता.

"आबा, आधी हातपाय धुवा," बेबा म्हणाली.

आबांनी ऐकलं नाही. तांब्याभर काढायचं, तांब्याभर घालायचं, बोट जिभेला लावायचं, हा दोन वर्षांचा शहाणपणा त्या उघडमीट करणाऱ्या तोंडापुढे टिकला नाही. त्यांनी बादलीने गरम पाणी उपसलं आणि घागर दोन्ही हातांनी उचलून पेटीत ओतली. गार होतं पाणी. हाताला ते समुद्रासारखंच लागलं. आबांच्या तोंडून "हां... हां..." असा सुटल्याचा आवाज निघाला.

ओसरीवरून लीलाधररावांनी हाक मारली, "आबा, त्यामां आते गोडं पानी शे हां! आत्याबाईनी बदली टाकं!" आणि मघाचा फवारा आठवून पुन्हा हसले.

आबांनी बोट बुडवून जिभेला लावलं. तसेच उभे राहिले, बोट तोंडात, लहान पोरासारखे.

स्वयंपाकघराच्या दारात वच्छलाबाई आल्या होत्या, हाताला पुरण. पेटीत मासा एका कुशीवर झाला, सरळ झाला, पुन्हा झाला. त्या पाहत राहिल्या. "माले काय माहीत," असं काहीसं पुटपुटल्या, पण दळण पुढे सरकलं नाही. त्या आत गेल्या आणि मिठाची बरणी घेऊन आल्या.

"टाकू का? कितलं टाकू? सांगा ना."

आबांना माहीत होतं, जेवणाचं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. पहिल्या उन्हाळ्यात ते करून झालं होतं. पण वच्छलाबाईंचा हात बरणीत होता, आणि आवाज इतका बारीक त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"मूठभर टाक," ते म्हणाले.

त्यांनी टाकलं. पुरणाचा कण सुटून पाण्यावर तरंगला. "आखो टाकू?"

"टाक."

त्या टाकत राहिल्या, आबा हाताने पाणी ढवळत राहिले, आणि मासा त्या ढवळण्याबरोबर फिरत राहिला. तो स्वतः पोहत नाही हे आबांना आधी कळलं. त्यांनी हात थांबवला नाही. थांबवला असता तर तिलाही कळलं असतं.

बेबाने सगळ्यांना पानावर बोलावलं. पितरांचा घास ठेवला गेला, आमरस वाढला गेला. कौतिकने कुंपणावरून विचारलं, "आबा, काय म्हनस समुद्र?" पानांवर झुकलेल्या माना पाहून तो घरात गेला. लीलाधरराव दोन घास खाऊन हलकेच म्हणाले, "आबा, धुळाले एक दुकान शे. तठे गोडा पानीना मासा भेटतस. लाल, पिवया. लई येऊ का?"

"नको," आबा म्हणाले. "गोडं पानी आठे बठ्ठासकडे शे."

जेवण झाल्यावर त्यांनी कूलरचं तोंड पेटीकडून माणसांकडे वळवून ठेवलं, म्हणजे वीज आली की पोरीला वारा लागेल.