त्रेसष्ट नंबरच्या बागेतले तण

नुबिया चापारो ब्रेमेनमध्ये ट्राम चालवते. कामावर तिच्याइतकी वक्तशीर बाई डेपोत दुसरी नाही. आठ चौदाची ट्राम आठ चौदालाच सुटते. धावत येणाऱ्या माणसाकडे ती आरशातून मनापासून हळहळत बघते, पण थांबत नाही. मात्र ड्यूटी संपवून खाली पाय ठेवला की बाई पुन्हा व्हेन्ताकेमादाची होते. कोलंबियाच्या डोंगरातले हे तिचे बटाट्यांचे गाव, आणि तिथे कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. नाही म्हणणे म्हणजे घरी आलेल्याच्या नाकावर दार आपटणे. कोणी काही मागितले की म्हणायचे, हो, का नाही, बघू या. मग मागणाऱ्याने काय ते समजून घ्यायचे, आणि तिथे सगळे समजून घेतातही.

ब्रेमेनमध्ये समजून घेत नाहीत, लिहून घेतात. इथल्या अठरा वर्षांत या होकारापायी नुबियाची बरीच शोभा झाली होती. डेपोतल्या एकाला घर बदलायला मदत करायची म्हणून ती अशीच हो म्हणाली, आणि तो बिचारा सकाळी सात वाजता कपाटाचे एक टोक धरून जिन्यात उभा. पुढे वर्षभर तो तिच्याशी फक्त सिग्नलविषयी बोलला. तरी बाईंची सवय काही गेली नाही. जन्माची सवय ती, सहजासहजी सुटते थोडीच.

गेल्या मार्चमध्ये तिला रेल्वेरुळांपलीकडच्या भाड्याच्या बागांच्या वसाहतीत एक बाग भाड्याने मिळाली. चार वर्षे यादीत नाव होते. बाग नंबर त्रेसष्ट: एक लाकडी खोपी, एक सफरचंदाचे झाड आणि बाकी माती. नवरा योर्न बोटीवर इंजिनीअर, वर्षातले आठ महिने समुद्रात, त्यामुळे ती माती एकट्या नुबियाची. तिने पहिल्याच आठवड्यात बटाटे लावले. पायातले बूट काढून वाफ्यात उभी राहिली तेव्हा इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला वाटले की आपण या देशात नुसत्या मुक्कामाला नाही. नियम एकच होता. पहिले वर्ष परीक्षेचे. सप्टेंबरमध्ये वसाहतीची समिती ठरवणार, बाग ठेवायची की काढून घ्यायची.

जूनमध्ये बटाट्यांच्या ओळींमधून एक रोप वर आले. नाजूक पाने, पिवळ्या ठिपक्याभोवती पाच बारक्या पांढऱ्या पाकळ्या. नुबियाने पान चुरगळून नाकाशी नेले आणि तशीच वाफ्यात मटकन बसली. ग्वास्का. गावाकडच्या बटाट्याच्या सुपाचा, आहियाकोचा, जीव. हे पान नसेल तर ते सूप म्हणजे नुसते उकडलेले बटाटे. आई दर नाताळला त्याची वाळकी पाने पाकिटातून पाठवायची, आणि त्यांना वाळक्या गवताइतकाच वास यायचा. इथे तेच पान हिरवेगार, फुकट उगवलेले. नुबियाने रडतरडतच आईला व्हिडिओ कॉल लावला.

आईने, म्हणजे दोन्या रोसाल्बांनी, चष्मा लावून रोप नीट पाहिले. "अगं, तिथं ढिगानं उगवतंय, आणि मी इकडून टपालाचे पैसे भरतेय होय," त्या म्हणाल्या. पण त्यांचेही डोळे भरून आले होते.

कुंपणापलीकडे बासष्ट नंबरच्या रेन्केनबाई होत्या. वय सत्त्याहत्तर, एकट्या, आणि त्यांच्या गाजरांच्या ओळी पट्टी लावून आखल्यासारख्या. तीस वर्षे त्या हेच रोप गुडघे टेकून उपटत आल्या होत्या. त्यांच्या लेखी ते तण, आणि तणांमधले सर्वात चिवट. एका रोपाच्या हजारो बिया वाऱ्यावर उडतात. आता ही नवी शेजारीण त्याला झारीने पाणी घालत होती, वर त्याच्याशी बोलतही होती. बाईंनी आठवडाभर कळ सोसली आणि मग वसाहतीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. त्यांचे काही चुकले असे म्हणता येणार नाही.

अध्यक्ष ओल्टमान्स जकात खात्यातून निवृत्त झालेले. खिशात वही आणि मोजपट्टी घेतल्याशिवाय ते वसाहतीत फिरत नसत. त्यांनी नुबियाला विचारले, हे तण येत्या शनिवारपर्यंत काढाल का? एवढ्या वयाचा माणूस, टोपी काढून विचारतोय. त्याला तोंडावर नाही कसे म्हणायचे? ती गोड हसून म्हणाली, हो तर, नक्की. ओल्टमान्सनी लिहून घेतले. शनिवारी आले, तर तण गुडघ्याला लागलेले. नुबियाने त्यांना कॉफी दिली आणि पुढचा शनिवार सांगितला. पुढच्या शनिवारीही कॉफीच मिळाली. तिसऱ्या शनिवारी त्यांनी कॉफी घेतली नाही. नुबियाला वाटले, चला, समजले एकदाचे.

सप्टेंबरमध्ये पत्र आले. चौदा तारखेला सकाळी अकरा वाजता समिती बाग पाहायला येईल आणि निर्णय जागेवरच देईल. खाली एक ओळ होती: शब्दावर विश्वास ठेवता येत नाही, अशी तक्रार आहे. तण राहिले बाजूला, ही ओळ तिला झोंबली. जिची ट्राम कधी अर्धा मिनिट उशिरा सुटली नाही, तिच्या शब्दावर विश्वास नाही? ती दोन दिवस धुमसत होती. मग आईला फोन केला. आईचा सल्ला ठरलेला. "जेवायला घाल त्यांना. पोट भरलं की माणूस मऊ होतो. आणि काढते म्हण. म्हणायला काय जातंय?"

चौदा तारखेला नुबिया सकाळी सातलाच बागेत पोचली. खोपीतल्या गॅसवर मोठे पातेले चढवले. कोंबडी, मक्याची कणसे, स्वतःच्या वाफ्यातले बटाटे, आणि शेवटी ग्वास्काच्या दोन ओंजळी. साडेदहाला वास कुंपण ओलांडून गेला. रेन्केनबाईंनी खुरपे खाली ठेवले, पुन्हा उचलले.

अकराला एक मिनिट कमी असताना ओल्टमान्स आणि समितीचे दोघे फाटकात हजर. नुबियाने सुपाच्या खोलगट ताटल्या मांडल्याच होत्या. बसा, आधी चार घास खाऊन घ्या, असे तिने आग्रहाने सांगितले. तिघेही उभेच राहिले. आधी काम, ओल्टमान्स म्हणाले. रेन्केनबाई आपल्या बाजूने कुंपणाला टेकून उभ्या होत्या. आईची युक्ती अशी पहिल्या मिनिटालाच पडली.

ओल्टमान्सनी वही उघडली. "चापारोबाई, चौथ्यांदा विचारतोय. हे तण तुम्ही काढणार का?"

होकार तिच्या जिभेवर तयारच होता. एक शब्द टाकला की आणखी एक शनिवार पदरात. पण त्या वहीत तिचे तीन होकार तारखेसकट उतरवलेले तिला दिसले, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली. पुढचा शब्द ती आईसमोरही कधी बोलली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "नाही काढणार. हे आमच्या घरचं पान आहे. अठरा वर्षांनी भेटलंय मला. बाग गेली तरी चालेल, पण माझ्या हातानं मी हे उपटणार नाही."

एवढे बोलून तिने डोळे मिटून घेतले. आता दार आपटल्याचा आवाज होणार, माणसे तोंड फिरवून जाणार. तसे काहीच झाले नाही. डोळे उघडले तर ओल्टमान्स चक्क बाकावर टेकले होते, आणि त्यांचा चेहरा दाढदुखी थांबलेल्या माणसासारखा झाला होता.

"मग हे जूनमध्येच का नाही सांगितलंत?" ते म्हणाले. "माझे तीन शनिवार वाचले असते. तुम्ही हो म्हणता, मी सायकल काढून येतो, आणि इथं कॉफी. मला वाटलं, ही बाई माझी थट्टा करतेय."

थट्टा? नुबियाच्या कानशिलांपर्यंत लाली चढली. ती तर त्यांचा मान राखत होती. तिने ते सांगितलेही, अडखळत, गावाकडची रीत समजावून. समितीतल्या एकाने मान डोलावली. त्याची सून स्पेनची होती.

एकदा स्पष्ट ‘नाही’ मिळाल्यावर पुढचे सारे भराभर झाले. ओल्टमान्सनी नियमावली उलटसुलट चाळली. स्वयंपाकात वापरायची वनस्पती असेल तर तो भाजीपाला, आणि भाजीपाला लावायला कोणाचीच हरकत नाही. फक्त तो कडेने फळ्या लावलेल्या वाफ्यात हवा. रेन्केनबाई एवढ्यावर थोड्याच ऐकणार. त्यांनी कुंपणावरूनच अट घातली, फूल दिसता कामा नये, एकसुद्धा. नुबियाने थोडा विचार केला. दर आठवड्याला फुले खुडायची, म्हणजे काम वाढणार. पण फुले सुपात चालतात. जमेल, असे तिने सांगितले. ओल्टमान्सनी पेन उचललेच नाही, नुसते तिच्याकडे पाहत राहिले.

"खरंच जमेल," ती म्हणाली. "नसतं जमलं तर आता सांगितलं असतं. शिकलेय आजच." तेव्हा कुठे त्यांनी लिहिले. बाग राहिली.

मग सगळे जेवायला बसले. वर घट्ट साय आणि केपरच्या खारवलेल्या कळ्या घातलेले ते सूप पाहून ओल्टमान्सना हायसे वाटले, कारण साय आणि केपर त्यांच्या ओळखीचे होते. रेन्केनबाईंना नुबियाने ताटली कुंपणावरून दिली. बाईंनी आधी त्यातले हिरवे पान चमच्याने बाजूला सारले. मग चाखले. ताटली रिकामी केली आणि पुन्हा पुढे धरली. तीस वर्षे हे मी कचऱ्यात टाकत आले, एवढेच त्या म्हणाल्या, पण आवाज पडलेला होता.

समिती गेल्यावर बाई कुंपणापाशी रेंगाळल्या. रविवारी साडेतीनला कॉफीला या, प्लमचा केक करते, असे म्हणाल्या. नुबियाच्या तोंडून "हो, नक्की" निघणारच होते. तिने ओठ मिटले आणि फोनमध्ये ड्यूटीचा तक्ता पाहिला.

"नाही, रविवारी मला ट्राम आहे. मंगळवारी येते."

रेन्केनबाईंनी एप्रनच्या खिशातून छोटी डायरी काढली. नवरा गेल्यापासून तिच्यात डॉक्टरांच्या वेळांखेरीज काही लिहिलेले नव्हते. त्यांनी मंगळवारच्या चौकटीत साडेतीन लिहिले, क्षणभर थांबल्या, आणि पुढे नाव लिहिले. नुबियाने कुंपणावरून वाकून वाचले. मार्चपासून बाई तिला चापारोबाई म्हणत आल्या होत्या. डायरीत त्यांनी लिहिले होते, नुबिया.