हनुवटीवरचा हात

माझ्या हनुवटीवर केस आहेत. लव नव्हे, केस. काळे आणि राठ. एवढं एक वाक्य लिहायला मला चाळिशी ओलांडावी लागली, आणि लिहून झाल्यावर खोलीत दुसरं कोणी नाही ना, हे मी वळून बघितलं. कोणी नसतंच. अकोल्यात जठारपेठेत एका कापडाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत मी एकटी राहते, विमा कंपनीच्या कार्यालयात नोकरी करते, आणि रोज सकाळी चहाच्या आधी आरसा आणि चिमटा घेऊन खिडकीशी बसते. खिडकीशीच बसावं लागतं. ट्यूबलाइटमध्ये जे सुटतं ते उन्हात दिसतं, आणि बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईला ते नेमकं माझ्याआधी दिसतं.

हे विशीतच सुरू झालं होतं. पाळीच्या तक्रारीसाठी मैत्रिणीबरोबर ज्या डॉक्टरांकडे गेले होते, त्यांनी हार्मोन्सचा दोष सांगून गोळ्या दिल्या. घरी मी काही बोलले नाही. आमच्या घरात पाळी आली हेसुद्धा खुणेनं सांगत, तिथे हनुवटीच्या केसांचं कोण कुणाला सांगणार? तेव्हा चार-सहाच होते. मी ते न्हाणीघरात उपटायची आणि बाहेर येऊन काहीच झालं नाही अशी वावरायची.

मग एकदा अमरावतीला आमच्या घरी मला पाहायला अंजनगाव सुर्जीहून पाहुणे आले. मला त्या दिवशी कुणासमोर बसायचंच नव्हतं. आईनं हट्ट धरला, मी आदळआपट केली, शेवटी बसले. पोहे झाले, चहा झाला, मुलगा जरा लाजराच होता, त्याची आई मात्र मोकळी. तिला मी आवडले हे मला कळत होतं. निघताना तिनं आमच्याकडच्या थोरल्या बाया करतात तसं केलं. हात पुढे करून माझी हनुवटी धरली. त्याच बोटांचा मग आपल्या ओठांना स्पर्श करायचा, असा तो मुका असतो. पण तिची बोटं हनुवटीवर थांबली. आदल्या दिवशी घाईत तुटलेले खुंट तिथे होते. तिनं बोटं ओठांना लावली नाहीत, पदराला पुसली. फार हळूच पुसली, मला दिसू नये म्हणून. त्या घरून नंतर निरोप आला नाही.

आईला त्यातलं काहीच कळलं नाही. आपणच त्यांच्यासमोर पोरीच्या नोकरीचं जास्त बोललो आणि घोडं अडलं, असं तिनं धरलं. पुढेही स्थळं आली असती, मी येऊ दिली नाहीत. तिची सवय मात्र कायम होती. मी अकोल्याला निघाले की ती दाराशी यायची आणि माझ्या हनुवटीकडे हात न्यायची. मी पटकन वाकून पाया पडायची. तिचा हात माझ्या डोक्यावर पडायचा. लेकीनं पाया पडावं यात वावगं काहीच नाही, त्यामुळे कुणी मला काही विचारलं नाही. अशी मी कित्येक वर्षं वाकत राहिले. माझ्यासारखी संस्कारी मुलगी साऱ्या अमरावतीत नसेल.

कार्यालयातल्या बाया एकदा चिखलदऱ्याला मुक्कामी जायला निघाल्या. एका खोलीत सगळ्यांनी गाद्या टाकून झोपायचं, सकाळी उठून गप्पा मारत चहा प्यायचा, असा बेत होता. त्या सकाळच्या चहानंच माझा घात केला. खिडकी, आरसा, चिमटा हे त्या घोळक्यात कुठे मांडणार होते मी? पाहुणे येणार आहेत असं सांगून टाकलं. दुसऱ्या वर्षी पाठदुखी सांगितली. तिसऱ्या वर्षी त्यांनी विचारलं नाही. त्या कशाला विचारतील? त्यांनी मोबाइलवर दाखवलेले फोटो मी पाहिले, छान आलेत म्हटलं, आणि घरी येऊन एकटीपुरती खिचडी टाकली. कोरोनात सगळं जग मास्कला कंटाळलेलं असताना मी एकटी सुखात होते. नंतरही मी तो सोडला नाही. धुळीची अॅलर्जी आहे, असं सांगायची. अकोल्याच्या धुळीबद्दल कोणी शंका घेत नाही.

लेझरचा विचार डोक्यात बरीच वर्षं होता. मोबाइलवर एकदाच शोधलं, तर त्यानंतर महिनाभर अर्ध्या दाढीच्या आणि अर्ध्या गुळगुळीत बाया मला जाहिरातींत दिसत राहिल्या. माझं जे गुपित माझ्या आईला ठाऊक नव्हतं ते मोबाइलला एका रात्रीत कळलं. एक बाई सांगायची, आयुष्य बदललं. दुसरी सांगायची, गाल भाजला. जठारपेठेत मी जिच्याकडे दोरा फिरवून घ्यायची, ती पार्लरवाली या विषयात ठाम होती. तिच्या जेठानीनं, म्हणजे थोरल्या जावेनं, केलं होतं म्हणे. "पैसे गेले अन् बाल वापस आले, ताई. अन् रेझर तर तोंडाले लावूच नोका, दाट येते," ती दोऱ्याचं टोक दातात धरून सांगायची. तिचं गिऱ्हाईक मी, तेव्हा ती आणखी काय सांगणार, असंही मला वाटायचं. पण उगाच खोटं सांगेल अशीही ती नव्हती.

खरं सांगायचं तर उपयोग होईल की नाही, याची मला तेवढी धास्ती नव्हती. झाला तर पुढे काय, याची होती. केस होते तोवर माझ्या एकटेपणाला कारण होतं. चिखलदऱ्याला गेले नाही, कुणाच्या लग्नात मुक्कामी राहिले नाही, कुणाला जवळ येऊ दिलं नाही, या सगळ्याचा दोष त्या बोटभर जागेवर टाकता येत होता. ते गेले आणि तरीही कुणी आलं नाही, तर मग मी कुणाकडे बोट दाखवणार?

एका दिवाळीत मला ताप आला. मी सलग काही दिवस आरशासमोर बसू शकले नाही, आणि शेजारीण डबा घेऊन आली तेव्हा मी दार उघडलंच नाही. आतून आवाज दिला, दाराशी ठेवून द्या. ती गेली. भुकेनं कळवळत मी दाराआड उभी होते आणि जिन्यावरची तिची पावलं ऐकत होते. त्या दिवशी मला माझाच इतका राग आला की बरी झाल्याबरोबर मी अमरावतीच्या एका त्वचेच्या डॉक्टरची वेळ घेतली. अकोल्यात कुणीतरी ओळखीचं भेटलं असतं. घरी सांगितलं, विभागीय कार्यालयात काम आहे.

आमच्याकडे डॉक्टरकडे जायचं म्हणजे आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून, केस विंचरून जायचं. अंगात ताप असला तरी आई आम्हाला पावडर लावून न्यायची. त्याच वळणानं मी आदल्या दिवशी पार्लरमध्ये जाऊन हनुवटी लख्ख करून आले. तरी काही राहिले होते ते सकाळी चिमट्यानं काढले. राजकमल चौकाच्या पुढे एका इमारतीत तो दवाखाना होता. डॉक्टर माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान मुलगी होती. तिनं दिवा ओढला, माझी हनुवटी इकडून तिकडून पाहिली आणि मागे टेकून बसली.

"केस कुठे आहेत, ताई?"

मी म्हटलं, काढले.

"मग मी काय करू?" ती हसली, पण वाईट नाही हसली. "किरण मुळातल्या काळ्या रंगावर काम करतो. मूळच उपटून आणलं तर मशीनला दिसणार काय? आता दोरा नाही, चिमटा नाही. रेझर चालेल. महिन्यानं या."

घरी मोलकरीण येणार म्हणून आधीच भांडी घासून ठेवावीत तसा प्रकार मी केला होता. मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. ती मुलगी मात्र शांतपणे सगळं सांगत राहिली. आधी रक्ताच्या तपासण्या करू म्हणाली. हार्मोन्सचे केस बरेच कमी होतात, बारीक होतात, पण कायमचे गेले असं मी लिहून देणार नाही, म्हणाली. अधूनमधून यावं लागेल. पांढऱ्या केसांवर याचा उपयोग नाही. गव्हाळ रंगाला डाग पडू शकतो, म्हणून उन्हाला जपायचं. क्वचित कुणाला कमी होण्याऐवजी वाढतातही. म्हणजे पार्लरवालीची जेठानी खोटी नव्हती. इतकं खरं बोलणारं माणूस मला या विषयात पहिल्यांदा भेटलं होतं, आणि त्यामुळेच मी ठरवलं, करून बघू.

तो महिना मला जड गेला. मेडिकलमध्ये रेझर मागताना मी 'भावासाठी' असं उगाच बोलले. दुकानदारानं विचारलंसुद्धा नव्हतं. पहिल्यांदा दाढी केली तेव्हा मी आरशात पाहिलं तर मी गाल फुगवून मान तिरपी केली होती. हुबेहूब बाबा. बाबांना जाऊन खूप वर्षं झाली. माझ्या दोन खोल्यांत त्यांची आठवण काढायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी आरशातच त्यांच्याकडे थोडा वेळ बघत राहिले.

मग दर महिन्याला एका शनिवारी अमरावती. बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत सावलीच्या बाजूला बसायचं, दवाखान्यात जायचं, मग घरी आई आणि भाऊ-वहिनीकडे रात्रभर राहून रविवारी परत. पहिल्या वेळी डॉक्टरनं डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, गार जेल लावलं आणि डाव्या हातानं माझी हनुवटी धरली. रबर ताणून सोडावं तसे चटके बसत होते आणि केस जळाल्याचा वास येत होता. पण मला त्या चटक्यांचं काही नव्हतं. किती वर्षांनी कुणीतरी माझा चेहरा हातात धरला होता. चष्म्याखालून पाणी यायला लागलं. दुखतंय का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं.

घरी माझ्या या फेऱ्यांचं कुणाला विशेष वाटत नसावं, असं मला वाटे. वहिनी जादा पोळ्या टाकायची. आई मात्र शनिवारी बेसनाच्या पातोडीची रस्साभाजी करायची, तिखट, मला आवडते तशी, आणि मी जेवताना समोर बसून राहायची. रविवारी निघताना ती हात पुढे करायची आणि मी वाकायची. हनुवटीवर अजून खुंट होते.

सहा-सात वेळा झाल्यावर सकाळच्या उन्हात आरशाला दाखवण्यासारखं फारसं काही उरलं नाही. काही बारीक केस होते, दोन पांढरे होते. बाकी जागा मोकळी. मी मास्क न लावता कार्यालयात गेले. दिवसभर लोक आले, समोर बसले, कागद देऊन गेले. संध्याकाळी शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, अॅलर्जी गेली वाटते तुमची. एवढंच. ज्या हनुवटीसाठी मी अर्धं आयुष्य दाराआड काढलं, तिच्याकडे कुणी बघतच नव्हतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला फार एकटं वाटलं.

शेवटच्या शनिवारी डॉक्टर म्हणाली, आता सहा महिन्यांनी दाखवा. रविवारी दाराशी ऑटो आला. मी पिशवी उचलली आणि वळले. आईचा हात वर होता, पण माझ्या हनुवटीच्या उंचीवर नव्हता. तिनं तो आधीच डोक्याच्या बेतानं धरला होता. एवढ्या वर्षांत तिच्या हातालाही सवय लागली होती. मी वाकले नाही. हात तसाच अधांतरी राहिला. मग तो हळूहळू खाली आला, आणि तिनं माझी हनुवटी धरली. बोटं ओठांना लावली. पुन्हा एकदा तसंच केलं.

"गेला वाटते राग तुहा," ती म्हणाली.

"कोणता राग?"

"माह्यावरचा. ते अंजनगावचे लोकं येऊन गेले तवापासूनचा. जबरदस्तीनं बसवलं होतं मी तुले. तवापासून तोंडाले हात लावू देत नोती तू मले. पायाच पडे, परक्यावानी."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"अन् हापिसचं काम म्हणे," आई हसली. तिच्या पापण्या ओल्या होत्या. "दर महिन्याले शनवारी काय काम असते व हापिसात? मले काय समजत नाई? मायले पाहाले येतो म्हनाची लाज वाटे तुले."

केसांचं सांगावं, दवाखान्याचं सांगावं, असं तोंडाशी आलं होतं. राग कधीच नव्हता आई, असं सांगितलं असतं तर मग मी दर महिन्याला कशासाठी येत होते, तेही सांगावं लागलं असतं. ऑटोवाल्यानं हॉर्न दिला.

"हो. गेला राग," मी म्हटलं.

"मंग येशीन ना फुडच्या महिन्यात?"

"येतो."

बसमध्ये मी उन्हाच्या बाजूला बसले आणि बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून रडले. पार्लरवालीनं नंतर मला विचारलं, फायदा झाला का, करण्यासारखं आहे का. बरेच कमी होतात, थोडे परत येतात, आधी तपासण्या करून घ्या, आणि जाताना दोरा फिरवून जाऊ नका, असं मी तिला सांगितलं.

पुढच्या महिन्यात मला अमरावतीला काही काम नव्हतं. शनिवारी मी गेले.